शासनमान्य की परीक्षामान्य? राजारामपुरीतल्या एका मेडिकल कोडिंग वर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीत गल्लीगणिक क्लास आहे. तिथल्या एका जुन्या कॉम्प्युटर क्लासच्या चालकांनी २०२२ च्या जूनमध्ये वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मेडिकल कोडिंगचा वर्ग सुरू केला. शिकवायला भागीदार म्हणून एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या. त्यांनी पुण्यात सहा वर्षे कोडरचे काम केले होते, कोडरसाठीची सीपीसी ही अमेरिकी परीक्षा पास होत्या आणि घरच्या कारणाने कोल्हापूरला परतल्या होत्या. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत इतपत तपशील इथे बदलले आहेत.

पहिल्या बॅचला १८ विद्यार्थी मिळाले. बीपीटी, बीएचएमएस, बी.फार्म, मायक्रोबायोलॉजी आणि झूलॉजीचे बीएस्सी, शिवाय दोन बी.कॉम. बहुतेक जण शहरातले, काही गडहिंग्लज, कागल, जयसिंगपूरहून येऊन-जाऊन करणारे. सगळ्यांचे लक्ष एकाच कामावर होते: अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या नोंदी वाचायच्या आणि निदानाला आयसीडी-१०-सीएम, डॉक्टरांच्या कामाला सीपीटी, साहित्य व इतर सेवांना हिकपिक्स लेव्हल दोनचा कोड लावायचा. या नोकऱ्या पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू इथे आहेत. कोल्हापुरात जवळजवळ नाहीत. ही एक गोष्ट पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे आणि सुरुवातीला तिचाच विचार झाला नाही.

त्याऐवजी विचार झाला तो बोर्डाचा. प्रवेशाच्या चौकशीला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: "मॅडम, हे गव्हर्मेंटचं हाय न्हवं?" त्याला उत्तर म्हणून चालकांनी परराज्यातल्या एका 'राष्ट्रीय परिषदे'ची फ्रँचायझी घेतली. परिषदेने पैसे घेऊन संलग्नता प्रमाणपत्र, आयएसओचे चिन्ह आणि छापील डिप्लोमा दिला. बोर्डावर लिहिले गेले: 'शासनमान्य व आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त'.

अडचण कुठे आली

ऑगस्टअखेर बॅच संपली. त्यानंतर पुण्यातल्या एका कंपनीच्या भरतीला ११ जण गेले. अर्जात डिप्लोम्यासाठी रकानाच नव्हता. रकाना होता तो सीपीसी किंवा तशीच दुसरी परीक्षा सीसीएस पास आहे का आणि असल्यास सदस्य क्रमांक काय, याचा. पाच जणांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतले, तेही मूळ पदवी आणि शरीररचनेच्या लेखी चाचणीवर. म्हणजे डिप्लोमा नसता तरी ते लागलेच असते. एका पालकांनी फी परत मागितली आणि बोर्डाचा फोटो जोडून वकिलामार्फत नोटीस पाठवली.

नोटिशीला उत्तर देण्यासाठी कागद काढले तेव्हा खरे चित्र समोर आले. परिषद म्हणजे सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था होती. अशी नोंदणी भजनी मंडळाचीही होते. तिच्यामुळे अभ्यासक्रम चालवून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळत नाही. आयएसओ ९००१:२०१५ हे कामाच्या व्यवस्थापन पद्धतीचे प्रमाणन आहे, वर्गात काय शिकवले जाते याच्याशी त्याचा संबंध नाही. उद्यम नोंदणी आणि दुकाने-आस्थापनांची नोंद यांचाही तोच प्रकार. या कागदांच्या बळावर 'शासनमान्य' लिहिण्याची पद्धत सर्रास आहे, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तीच दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते.

डिप्लोम्यावर '३६० तास' छापले होते. प्रत्यक्षात १२ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास, म्हणजे ९० तास शिकवणी झाली होती. त्यातलेही २० तास इंग्रजी संभाषण आणि मुलाखतीच्या तयारीत गेले होते. या आकड्याचे मोल तेव्हा कोणाला कळले नाही. ते पुढे येईलच.

फी परत केली, बोर्ड उतरवला, फ्रँचायझी सोडली. मग नोव्हेंबर २०२२ ते जुलै २०२३ वर्ग बंद ठेवून दोघांनी पर्याय तपासले.

कोणकोणते पर्याय तपासले

पहिला गोंधळ शब्दांचा होता. अधिस्वीकृती (ॲक्रेडिटेशन), मान्यता, संलग्नता, परवाना हे चारही शब्द जाहिरातीत एकाच अर्थाने येतात, पण प्रत्येकामागे वेगळी यंत्रणा आहे. म्हणून त्यांनी प्रत्येक पर्यायाला तेच दोन प्रश्न विचारले. हा कागद नेमकी कोणती संस्था देते? आणि नोकरी देणारा तो मागतो का?

अमेरिकेत आरोग्य माहिती व्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणारी संस्था म्हणजे काहिम. तिच्या कक्षेत पदव्या येतात. आरएचआयटी या परीक्षेला बसायला तिथला अधिस्वीकृत अभ्यासक्रम लागतो. काही महिन्यांच्या खासगी वर्गाचा तिथे अर्जच बसत नाही. हा पर्याय पाच मिनिटांत निकाली निघाला. पण कोल्हापुरातलाच नव्हे, कुठलाही क्लास 'काहिम अधिस्वीकृत' लिहीत असेल तर काय समजायचे, हे यातून कळते.

दुसरा पर्याय अहिमाचा. आरोग्य माहिती व्यवस्थापनातल्या लोकांची १९२८ साली स्थापन झालेली ही जुनी अमेरिकी संघटना, सीसीए आणि सीसीएस या कोडिंगच्या परीक्षा तिच्या. पदवीपेक्षा लहान, प्रमाणपत्र पातळीवरच्या कोडिंग अभ्यासक्रमांना मान्यता देण्याची वेगळी योजना अहिमाने चालवली आहे. आपल्याकडच्या क्लासला 'मान्यता' या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच. पण त्यात शरीररचना, रोगप्रक्रिया, औषधशास्त्र यांच्या जोडीला आंतररुग्णांच्या शस्त्रक्रियांसाठीची आयसीडी-१०-पीसीएस पद्धत आणि प्रत्यक्ष सरावही येतो. मॅडमची सहा वर्षे बाह्यरुग्ण आणि डॉक्टरांच्या बिलांच्या कोडिंगमध्ये गेली होती. पीसीएस शिकवायला दुसरा शिक्षक हवा होता आणि तो कोल्हापुरात मिळेना. शिवाय सीसीएला बसायला मान्यताप्राप्त वर्गाचा दाखला लागत नाही, बारावीपर्यंतच्या शिक्षणावर बसता येते. म्हणजे मान्यता मिळवण्याचा खर्च संस्थेचा आणि परीक्षेच्या दारात विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. पर्याय बाजूला ठेवला, फेकून दिला नाही.

तिसरा पर्याय एएपीसीचा. कोडरांची ही अमेरिकी संघटना १९८८ ची. तिच्या सीपीसी परीक्षेत १०० प्रश्न, चार तास आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के. कोडची पुस्तके उघडून बघता येतात. परीक्षेला बसायला सदस्यत्व लागते, कुठल्या वर्गाचा दाखला लागत नाही. एएपीसीचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके वापरून, पात्र शिक्षकाकडून वर्ग चालवता येतो. मात्र अभ्यासक्रम वापरण्याची परवानगी मिळाली म्हणून क्लासला 'अधिस्वीकृती' मिळत नाही. हा फरक चालकांच्या गळी उतरवायला मॅडमना तीन बैठका लागल्या. बोर्डावर काय लिहायचे, हाच त्यांचा खरा प्रश्न होता.

चौथा पर्याय भारतीय कौशल्य चौकटीचा. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली. २०१८ मध्ये अधिसूचित झालेली एनसीव्हीईटी ही व्यावसायिक शिक्षण-प्रशिक्षणाची केंद्रीय नियामक परिषद ऑगस्ट २०२० पासून कामाला लागली. आता प्रमाणपत्र देणारी संस्था तिच्या मान्यतेची असावी लागते. आरोग्य क्षेत्रात हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल ते काम करते. क्लास तिचा प्रशिक्षण भागीदार होतो, शिकवणाऱ्याला प्रशिक्षक-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि परीक्षा बाहेरची मूल्यांकन संस्था घेते. पालकांच्या 'गव्हर्मेंटचं' या प्रश्नाला खरे उत्तर हेच. पण त्या रचनेतल्या वैद्यकीय नोंदींच्या पात्रता इथल्या रुग्णालयांतल्या नोंद विभागासाठी बेतलेल्या आहेत. अमेरिकी बिलांच्या कोडिंगची भरती करणारी कंपनी तो कागद मागत नाही.

पाचवा पर्याय शिवाजी विद्यापीठाशी जोडून घेण्याचा. खासगी क्लासला विद्यापीठाचे प्रमाणपत्र थेट देता येत नाही. संलग्न महाविद्यालयाने अभ्यासक्रम मंजूर करून घ्यायचा आणि क्लासने करार करून शिकवायचे, एवढीच वाट आहे. फार्मसी किंवा विज्ञान महाविद्यालयातून विद्यार्थी आपोआप मिळतात हा मोठा फायदा. तोटा असा की अभ्यासक्रमाचा मजकूर एकदा मंजूर झाला की बदलायला मंडळाची वाट बघायची, आणि इथे तर कोड दर वर्षी बदलतात.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा २०२१ च्या अनुसूचीत 'क्लिनिकल कोडर'चे नाव आहे. त्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे संबद्ध आरोग्य व्यावसायिकाला दोन ते चार वर्षांत पसरलेला किमान २००० तासांचा पदविका किंवा पदवी अभ्यासक्रम लागतो. तेव्हा काही महिन्यांचा क्लास करून 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल व्हा' असे पत्रकात छापणे म्हणजे नवी नोटीस ओढवून घेणे. तो शब्द सगळ्या साहित्यातून काढला.

निर्णय

एएपीसीच्या अभ्यासक्रमावर सीपीसीची तयारी, एवढेच करायचे ठरले. कुठल्याही संस्थेची मान्यता असल्याचा दावा करायचा नाही. कौशल्य चौकटीचा विचार दुसऱ्या टप्प्यात.

या निर्णयाचे कारण सरळ आहे. कोडिंगमध्ये पात्रता माणसाच्या नावावर असते, क्लासच्या नावावर नसते. भरती करणारा सदस्य क्रमांक टाकून खात्री करतो आणि पुढे जातो. त्यामुळे क्लासचा पैसा आणि वेळ संस्थेच्या दाखल्यावर घालवण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या परीक्षेवर घालवणे शहाणपणाचे. चालकांना पटायला वेळ लागला आणि ते समजण्यासारखे आहे. शेजारच्या दोन क्लासांवर 'शासनमान्य' झळकत असताना आपला बोर्ड कोरा ठेवायला हिंमत लागते.

काय केले

तासांची फेरमांडणी केली. २४ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास: एकूण २४० तास. त्यात शरीररचना आणि वैद्यकीय परिभाषेला ५०, आयसीडीला ५५, सीपीटी आणि हिकपिक्सला ८५, सराव परीक्षा आणि चुकांच्या उजळणीला ५०. संभाषण-मुलाखतीचे तास यात धरले नाहीत, ते शनिवारी वेगळे घेतले.

हजेरी विषयवार आणि तासवार ठेवायला सुरुवात केली. यामागे नेमका हिशेब होता. अनुभव नसलेला उमेदवार सीपीसी पास झाला की त्याच्या नावापुढे सीपीसी-ए लागते, म्हणजे शिकाऊ. ते 'ए' काढायला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. किंवा एक वर्षाचा अनुभव आणि किमान ८० तासांच्या कोडिंग वर्गाचा पुरावा. म्हणजे क्लासच्या प्रमाणपत्रावर खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारी ओळ एकच: कोडिंगचे किती तास झाले. नव्या प्रमाणपत्रावर चिन्हे, मोहरा काही नाहीत. विषय, तास, तारखा आणि सही.

नोट्स चाळल्या तेव्हा बरीच घाण निघाली. फ्रँचायझीने दिलेल्या पीडीएफमध्ये दवाखान्यातल्या भेटीसाठी ९९२०१ हा कोड अजून शिकवला जात होता. तो २०२१ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी अशा भेटींचा स्तर वैद्यकीय निर्णयाची गुंतागुंत किंवा लागलेला वेळ यावर ठरू लागला. २०२३ पासून रुग्णालयातल्या भेटींनाही तोच नियम लागला. जुन्या नोट्समध्ये रुग्णाचा इतिहास आणि तपासणी यांचे मुद्दे मोजण्याची १९९५ आणि १९९७ ची पद्धत होती. ती पाठ करून गेलेला विद्यार्थी भेटींवरच्या प्रश्नांत अडकतो. सगळ्या नोट्स रद्द केल्या.

पुस्तकांच्या झेरॉक्सवर बंदी घातली. सीपीटीचा मजकूर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या स्वामित्वहक्काचा आहे, परीक्षेत त्यांचीच छापील आवृत्ती चालते आणि झेरॉक्स टेबलावर ठेवून परीक्षा देता येत नाही. आयसीडी-१०-सीएम मात्र अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. वर्गातला सराव त्यावर करायचा आणि विकतचे पुस्तक परीक्षेच्या खुणा करायला वापरायचे, असे ठरले.

प्रवेश अर्जाची भाषा बदलली. क्लासची फी, सदस्यत्व, परीक्षा शुल्क आणि पुस्तके असे चार वेगळे रकाने केले. परीक्षेचे पैसे डॉलरमध्ये जातात, त्या दिवशीचा दर लागतो, हे लिहून विद्यार्थ्याची सही घेतली. 'नोकरीची हमी' हा शब्द कुठेच नाही. बी.कॉम. झालेल्यांना प्रवेशापूर्वी एक आठवडा शरीररचनेचे तास विनाशुल्क बसवून मग निर्णय घ्यायला सांगितले.

एक क्षुल्लक वाटणारी अडचण बरीच महागात पडू शकते ती नावाची. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये. परीक्षेच्या दिवशी खात्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले नाही तर परीक्षा अडते आणि भरलेले पैसे अधांतरी राहतात. म्हणून सदस्यत्व काढतानाच पासपोर्ट किंवा जे ओळखपत्र दाखवणार त्याच्यासारखे नाव टाकायचे, असा नियम केला. ज्यांची लग्नानंतर नावे बदलली होती त्यांनी कागद आधी सरळ केले.

परिणाम

दुसरी बॅच सप्टेंबर २०२३ मध्ये १२ जणांची सुरू झाली. कोऱ्या बोर्डामुळे सहा जण चौकशी करून शेजारी गेले, हेही नोंदवायला हवे. बारापैकी नऊ जण परीक्षेला बसले. पाच पहिल्या प्रयत्नात, दोन दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. सातांपैकी सहा जण पुणे आणि हैदराबादला लागले. सातवीला घर सोडायचे नव्हते.

जे नापास झाले त्यांची कारणे मॅडमनी उत्तरांच्या विषयवार गुणांवरून काढली. ज्ञान कमी पडले असे एकाचेच झाले. बाकीच्यांचा वेळ गेला. १०० प्रश्नांना २४० मिनिटे म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटे २४ सेकंद. शस्त्रक्रियेच्या लांब नोंदी आधी वाचून मग पर्याय बघणारे हमखास मागे पडतात. पर्यायांतले कोड आधी बघायचे, त्यांच्यात फरक कशात आहे ते हेरायचे आणि मग नोंदीत तेवढेच शोधायचे. ही सवय लागायला किमान सहा पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा लागतात. या बॅचला तीनच झाल्या होत्या.

पुस्तकांत मोठी चूक झाली. घाऊक सवलत मिळते म्हणून ऑगस्टमध्येच २०२३ च्या सीपीटीचे १२ संच मागवले. बॅच संपली फेब्रुवारी २०२४ ला. सीपीटी १ जानेवारीला बदलते, आयसीडी १ ऑक्टोबरला, आणि परीक्षा चालू वर्षाच्या पुस्तकांवर बेतलेली असते. परीक्षेला बसणाऱ्या नऊ जणांसाठी नवी पुस्तके संस्थेला स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागली. त्या बॅचची बहुतेक शिल्लक तिथेच संपली. तिसरी बॅच म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये सुरू केली. नवी पुस्तके हातात घ्यायची, जुलैच्या आत परीक्षा द्यायची आणि ऑक्टोबरचा बदल लागण्याआधी मोकळे व्हायचे. ऑनलाइन परीक्षेसाठी एक खोली रिकामी केली. इन्व्हर्टर बसवला आणि इंटरनेटची दुसरी जोडणी घेतली. पावसाळ्यात कोल्हापुरात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र पहिल्या बॅचमधून आला. डिप्लोमाधारकांपैकी एकाने स्वतः अभ्यास करून मार्च २०२३ मध्ये सीपीसी पास केली आणि मे महिन्यात नोकरी धरली. वर्ष पूर्ण झाल्यावर, मे २०२४ मध्ये, 'ए' काढण्यासाठी त्याने ८० तासांचे पत्र मागितले. डिप्लोम्यावर ३६० छापलेले, हजेरीत ९० आणि त्यातले कोडिंगचे ७०. फक्त दहा तासांनी कमी. चालकांचे म्हणणे होते की देऊन टाकू, पोराचे भले होईल. मॅडमनी नकार दिला. खोटे पत्र दिले तर धोक्यात येणारी पात्रता त्यांची स्वतःचीही होती. ७० तासांचे खरे पत्र दिले, त्याचा उपयोग झाला नाही आणि विद्यार्थ्याला आणखी एक वर्ष 'ए' वागवावा लागला. तो नाराज आहे आणि त्याची नाराजी रास्त आहे. पगारवाढीच्या वेळी हा फरक दिसतो.

वेगळे काय करता आले असते

फ्रँचायझी घेण्याआधी एनसीव्हीईटीच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी अर्धा तास बघितली असती तर पहिला सगळाच खर्च वाचला असता. त्याहून सोपी तपासणी म्हणजे पुण्यातल्या तीन कंपन्यांच्या भरतीच्या जाहिराती वाचणे. मागणी तिथे उघड लिहिलेली असते. मॅडम त्या क्षेत्रातून आलेल्या, त्यांना हे ठाऊक होते. भागीदारी नवीन म्हणून त्या बोलल्या नाहीत, हे चालकांनीच नंतर मान्य केले.

पहिल्या बॅचला बोलावून दहा तासांचा पूरक वर्ग २०२३ मध्येच घ्यायला हवा होता. तेव्हा ८० तासांचा नियम मॅडमना माहीत होता, पण जुन्या विद्यार्थ्यांच्या हजेरीशी तो कोणी ताडून बघितला नाही. मे २०२४ नंतर असा वर्ग घेतला गेला आणि तिघे आले.

वर्ग नऊ महिने पूर्ण बंद ठेवणे गरजेचे होते का, यावर दोघांचे अजून एकमत नाही. वैद्यकीय परिभाषेचा छोटा वर्ग चालू ठेवला असता तर भाडे तरी निघाले असते.

आणि घर सोडायचे नसलेली ती सातवी विद्यार्थिनी. अशा मुली दर बॅचला दोन-तीन असतात. त्यांच्यासाठी सीपीसीचा रस्ता अपुरा आहे. कोल्हापुरातल्या रुग्णालयांत विमा दाव्यांचे टेबल असते, महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचे काम असते. तिथे सीपीटी चालत नाही, योजनेचे स्वतःचे पॅकेज कोड आहेत. विम्याच्या दाव्याच्या अर्जात निदानाला आयसीडी-१० चा रकाना मात्र असतो. बाजूला ठेवलेला कौशल्य चौकटीचा पर्याय या गटासाठी पुन्हा काढला आहे. प्रशिक्षक-प्रशिक्षणासाठी मॅडमनी नाव नोंदवले आहे. सातवी सध्या एका रुग्णालयाच्या दाव्यांच्या टेबलावर काम करते आणि शनिवारी वर्गात शरीररचना शिकवायला येते.